तीन सालांची एक सायकल

सायकलीला साल असते, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. आमच्या लहानपणी सायकल बावीस इंची असे किंवा चोवीस इंची असे, रंग काळा असे, आणि ती कोणत्या वर्षीची आहे याची चौकशी नगरपालिकेचा पितळी बिल्ला तपासणाऱ्या माणसाखेरीज कोणी करीत नसे. आता शहरात चालवण्याजोगी हायब्रिड सायकल घ्यावी, म्हणजे सरळ हँडल, ७०० सीची सडपातळ चाके आणि पाठ फार वाकवायला न लावणारी बैठक असलेली एक सायकल घ्यावी, एवढ्या माफक इच्छेने मी रत्नागिरीच्या बाजारात उतरलो, तेव्हा मला असे सांगण्यात आले की मला पसंत पडलेले मॉडेल एक नसून तीन आहेत: २०२२चे, २०२३चे आणि २०२४चे. कंपनी तीच, नाव तेच, आणि तिन्ही निळ्या. पहिली जरा गडद, दुसरी जरा फिकी आणि तिसरी पुन्हा गडद.

माझी उभी हयात एका कार्यालयाच्या लेखा शाखेत गेली आहे. तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, शेरा आणि सही यांशिवाय टाचण्यांची डबीसुद्धा विकत घ्यायची नसते, हे माझ्या रक्तात भिनलेले आहे. त्यामुळे एकाच वस्तूचे तीन पर्याय समोर आल्यावर दुसरा कोणी वैतागला असता, तेथे मला मनापासून आनंद झाला आणि मी त्याच संध्याकाळी फुलस्केप कागद आडवा धरून रकाने आखले. सौभाग्यवतींनी चहाचा कप कागदाच्या कडेला ठेवीत, ‘‘घरी ऑडिट लागलंय का हो?’’ एवढेच विचारले.

पहिली अडचण ‘वर्ष’ या पहिल्याच रकान्यात आली. सायकल कंपन्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि एप्रिलमध्ये तर नाहीच नाही. पुढच्या सालाची मॉडेले आदल्या सालच्या उन्हाळ्याअखेरीपासून दाखवण्याची त्या धंद्याची जुनी रीत आहे. युरोपातील आणि अमेरिकेतील मोठी सायकल प्रदर्शने अनेक वर्षे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरत असत ती याचसाठी. म्हणजे २०२३चे मॉडेल २०२२च्या गणपतीत जन्माला येऊ शकते. त्यातून आपल्याकडे बंद खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि साल छापणे कायद्याने आवश्यक असल्यामुळे दुकानातल्या ‘२०२३’च्या खोक्यावर नोव्हेंबर २०२२ असा शिक्का निघाला. ही सायकल कोणत्या वर्षाची धरावी? मॉडेलप्रमाणे २०२३, दिनदर्शिकेप्रमाणे २०२२, आणि आर्थिक वर्षाप्रमाणे २०२२-२३. मी तिन्ही नोंदी घेतल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘वयाबाबत खुलासा मागवावा’ असे लिहिले.

खुलासा देणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. सायकलीचा अनुक्रमांक बहुधा पेडलचा ॲक्सल ज्या नळीत बसतो, तिच्या पोटाशी कोरलेला असतो. तो वाचण्यासाठी मी दुकानाच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून उताणा झोपलो. दुकानातल्या मुलाने पुढचे चाक गुडघ्यांत धरले, दुकानदारांनी मोबाईलची बॅटरी माझ्या डोळ्यांवर रोखली, आणि त्याच सुमारास ब्रेकचे रबर घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी मला चक्कर आली असावी असे समजून पाण्याची बाटली पुढे केली. क्रमांक सापडला. त्यात दोन अक्षरे, पुष्कळसे आकडे आणि मधोमध रंगाचा एक जाड ओघळ होता, जो आठ आहे की तीन यावर आम्हा चौघांचे एकमत होऊ शकले नाही.

‘‘साहेब, वर्षाचं एवढं काय घेऊन बसलात? नवी आहे ना, मग झालं तर!’’ दुकानदार म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात कधी तुलनात्मक तक्ता केलेला नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गिअरच्या रकान्यात मात्र मला खरे धन सापडले. २०२२च्या सायकलीला पुढे पेडलपाशी तीन चक्रे आणि मागच्या चाकापाशी आठ, यांच्या जोड्या मिळून चोवीस गिअर होते, २०२३च्या सायकलीला पुढे दोन आणि मागे आठ मिळून सोळा, तर २०२४मध्ये पुढे दोन आणि मागे नऊ करून ते अठरावर आणले होते. पुण्यातला पुतण्या फोनवर म्हणाला, ‘‘काका, सरळ लेटेस्ट घ्या, डोकं चालवू नका.’’ आठ गिअर गेले कुठे, हे विचारल्याशिवाय लेटेस्ट घेणे माझ्याच्याने शक्य नव्हते. मी चक्रांचे दाते मोजले. सर्वांत हलक्या गिअरला २०२२मध्ये पुढे २८ आणि मागे ३२ दाते येतात. २०२३मध्ये पुढे ३० आणि मागे ३४. २०२४मध्ये पुढे ३० आणि मागे ३६. ३८ मिलिमीटर रुंदीच्या टायरचे ७०० सीचे चाक एका फेऱ्यात साधारण २ मीटर १८ सेंटिमीटर जाते. गुणाकार-भागाकार केल्यावर असे दिसले की चढावर पेडलच्या एका फेऱ्यात पहिली सायकल सुमारे १ मीटर ९१ सेंटिमीटर पुढे सरकते, दुसरी १ मीटर ९२ आणि तिसरी १ मीटर ८२. आठ गिअर काढून टाकल्याने चढावर पडलेला फरक एवढा, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर! उरलेले गिअर एकमेकांच्या जवळपासचेच असतात, त्यांतले कित्येक तर दोन वेगवेगळ्या चक्रांवर जवळजवळ तेच काम करतात. वरच्या टोकाला ४८ ऐवजी ४६ दाते आल्यामुळे कमाल वेग थोडा घटला होता खरा. परंतु गर्दीच्या राम आळीत संध्याकाळी सहा वाजता ज्याला त्या वेगाची उणीव भासेल, त्याला कोणतेच मॉडेल देऊ नये.

मला चिंता होती ती परतीच्या वाटेची. मारुती मंदिराकडून खाली बाजारपेठेत सायकल आपण होऊन येते, तिला साल विचारावे लागत नाही. पिशवीत दोन नारळ आणि सुरमई घेऊन तीच वाट वर चढताना साल आठवते. त्या दृष्टीने २०२४चे दहा सेंटिमीटर मोलाचे होते, म्हणून मी त्या रकान्यात तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि तक्ता घेऊन खालच्या बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी तक्ता पाहिलाच नाही. त्यांनी फळीवरून रॉकेल भरलेली एक बरणी खाली घेतली, तिच्यात चिमटा घालून एक बोल्ट वर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे डोके चिकूच्या सालीच्या रंगाचे झाले होते आणि पान्हा बसण्याची षटकोनी खाच झिजून गोल झाली होती. ‘‘समुद्रकाठच्या मांडवीतल्या एका सायकलीचा. एक पावसाळा,’’ ते म्हणाले. मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची असली की लोकांना वाटते गंजाचा प्रश्न मिटला. पण बोल्ट पोलादाचे, चेन पोलादाची, केबल पोलादाची, आणि खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की दोहोंतला एक धातू दुसऱ्याला खातो. सीटचा दांडा ग्रीस न लावता बसवला, तर तो काही वर्षांनी फ्रेमचाच भाग होतो. ‘‘आणि पुढचा सस्पेन्शन कुठल्या सालाला आहे म्हणालात?’’

तो २०२२ला होता. ६३ मिलिमीटर दबणारा, लॉक करता येणारा, आणि माझ्या तक्त्यात दोन तांबड्या खुणा मिळवलेला. २०२३पासून कंपनीने तो काढून साधा पोलादी फोर्क बसवला होता, आणि मी त्यापुढे ‘काटकसर?’ असा संशयाचा शेरा मारला होता. मिस्त्रींच्या मते त्या दबणाऱ्या नळ्यांवर खारा वारा बसला, की दोन वर्षांत त्या दबायच्या बंद होतात आणि मग माणूस दोन-सव्वादोन किलोचा ठोकळा वर मारुती मंदिरापर्यंत ढकलीत बसतो. मागे नऊ चक्रे असली की चेन अरुंद लागते, ती ते मागवून देत, पण आठ चक्रांची चेन त्यांच्या खिळ्याला टांगलेली होती. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २०२३मध्ये क्यूज नावाचा संच आणून ऑल्टस, असेरा, अलिव्हिओ ही आपल्या जुन्या गिअर-संचांची सगळी उतरंड एका नावाखाली घ्यायला सुरुवात केली आहे, ही माझी ताजी माहिती त्यांनी शांतपणे ऐकली आणि ‘‘त्याची केबल पण गंजते,’’ असे सांगून ते एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला वळले.

घरी येऊन मी तक्ता नव्याने आखला. त्यात एक रकाना असा वाढला, जो कोणत्याही कंपनीच्या तुलनेत मला आढळला नव्हता: मडगार्ड बसवायची भोके. हायब्रिड सायकलीला बहुधा मडगार्ड देत नाहीत, ते आपण लावायचे असतात. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे मडगार्डाविना सायकल चालवणाऱ्याच्या सदऱ्यावर जांभ्या मातीचा एक तांबडा पट्टा कमरेपासून मानेपर्यंत उमटतो आणि तो धुऊन जात नाही, हे पांढरा सदरा घालून कचेरीत जाणाऱ्या माणसाने विसरून चालत नाही. भोके २०२२ला मागे होती, पुढे नव्हती. २०२३ला दोन्हीकडे होती. २०२४च्या छायाचित्रात मागच्या भोकाच्या जागी डिस्क ब्रेकचा सांगाडा आला होता, आणि त्याच्या आड भोक आहे की नाही, हे कोल्हापूरच्या गोदामातून सायकल आणवल्याशिवाय कळणार नव्हते. सायकल आणवली तर ती घ्यावीच लागेल, असा सज्जड दमही सोबत होता.

मापांचा रकाना मी लवकर उरकला. तिन्ही सालांची मधली साईज ‘एम’च होती, पण हँडलची उंची साला-सालाला पाच-सात मिलिमीटरने हलत होती; आणि इतका फरक तर हँडलखालची एक वॉशर काढून घालून पडतो.

मधल्या काळात पुतण्याने २०२५चे मॉडेल ‘पुढच्या महिन्यात नक्की’ येत असल्याचे कळवले. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाइतकेच ते नक्की असल्यामुळे मी त्यासाठी रकाना आखला नाही. शिवाय सौभाग्यवतींनी दसऱ्याची मुदत घातली होती. ‘‘दसऱ्याला सायकल दारात नसली, तर त्या कागदाला झेंडू घालून पूजा करीन,’’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

मुदतीच्या तोंडावर सरकारच माझ्या मदतीला आले. २२ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे ऐन घटस्थापनेला, सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३३,६०० रुपयांची सायकल कर वजा जाता ३०,०००ची. तिच्यावर नवा कर लावला की ३१,५००. शिवाय माल जुन्या सालाचा असल्याची सूट मी वेगळी मागितली. दुकानदार म्हणाले, ‘‘अहो, तुम्हीच तर म्हणालात, नवी पेक्षा हीच चांगली!’’ मी त्यांना खोक्यावरचा नोव्हेंबर २०२२ दाखवला. बराच वेळ आम्ही दोघे त्या शिक्क्याकडे पाहत राहिलो आणि अखेर मडगार्डची जोडी, स्टँड आणि घंटा त्या किमतीतच बसली.

दसऱ्याच्या सकाळी २०२३ची सायकल ठरली. मी बिल मागितले. दुकानदारांनी कार्बन सारखा करून लिहिले: ‘सायकल (निळी), नग १’. मॉडेलचे साल नमूद करावे, कारण नस्तीला जोडायचे आहे, अशी मी विनंती केली. त्यांनी मान हलवली, वर बिलावरची तारीख पाहिली, आणि ‘निळी’च्या पुढे वळणदार अक्षरात ‘मॉडेल २०२५’ असे लिहून सही ठोकली.