तोंडात लाडू, पायात घुंगरू

कथक शिकवणाऱ्या बाईनं दिवसभर काय खावं, हे सांगणाऱ्यांचा नागपुरात तुटवडा नाही. पालक सांगतात, शेजारच्या काकू सांगतात, हॉलखालचा झेरॉक्सवाला सांगतो. एका विद्यार्थिनीचे बाबा जिमला जातात. त्यांनी थेट वजन विचारून माझ्या प्रथिनांचा हिशेब मांडायला घेतला. (वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, हे आयसीएमआर या आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं माप. वजन मी सांगितलं नाही, म्हणून गणित तिथंच अडलं.) या सगळ्यांच्या सल्ल्यात कॅलरी असतात, लोह असतं, तंतुमय पदार्थ असतात. एक रकाना मात्र कोणाच्याच तक्त्यात नसतो: हा पदार्थ तोंडात असताना तीनताल बोलता येतो का?

नाचणाऱ्यांना काय खायला द्यावं यावर पुष्कळ विचार झालेला आहे. पण नाचणारी नाचते तेव्हा तिचं तोंड रिकामं असतं. गुरूचं नसतं. आमच्याकडे पायानं करायचं ते सगळं आधी तोंडानं म्हणावं लागतं. हातावर ताल धरायचा आणि तोडा, परण, तिहाई, जे असेल ते खणखणीत बोलायचं. यालाच पढंत म्हणतात. मुलींना ती परीक्षेपुरती करावी लागते, मला प्रत्येक बॅचला, प्रत्येक रांगेसाठी, आणि मागच्या कोपऱ्यातल्या दोघी गप्पा मारत असल्या तर त्यांच्यासाठी वेगळी.

रविवारी माझे वर्ग सकाळी सातला सुरू होतात आणि दिवेलागणीपर्यंत चालतात. आधी प्रारंभिकची चिल्लीपिल्ली, मग प्रवेशिका, मग मध्यमा, दुपारी विशारदच्या मुली आणि संध्याकाळी हौशी बॅच. या बॅचमध्ये एक बँकवाली, दोन शिक्षिका आणि ‘गुडघ्याचं नंतर पाहू’ म्हणणाऱ्या एक निवृत्त बाई आहेत. दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटांची सुटी असते, असं वेळापत्रकात लिहिलेलं आहे. त्या दहा मिनिटांत आधीच्या बॅचच्या आया ‘ताई, आमचीला सोलो केव्हा?’ विचारायला येतात आणि पुढच्या बॅचच्या मुली घुंगरू बांधायला बसतात. शंभर घुंगरांची दोरी एकेका पायाला गुंडाळताना एकीची तरी गाठ सुटतेच, आणि ती माझ्याकडेच येते. उरलेल्या दोन मिनिटांत मी जेवते.

पहिला विचार अर्थात तर्री-पोह्यांचा. हॉलपासून आठ रस्ता चौक जवळ, रविवारची सकाळ, आणि रक्तात नागपूर. पोह्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पचायला हलके, पायांना लागणारी कर्बोदकं देणारे, वर लिंबू पिळलं की त्यातलं लोहही अंगी जास्त लागतं. प्रश्न तर्रीचा आहे. तेल पोटात रेंगाळतं, आणि नाच सुरू झाला की रक्त धावतं पायांच्या स्नायूंकडे. पोटाला मिळायला हवं तेवढं मिळत नाही, मग ते आपलं काम अर्धवट टाकून बसतं. अशा पोटानं पाच चक्रांचा तोडा करून दाखवायचा म्हणजे पोहे खाली राहतात आणि तर्री वर येते. तर्री खायची तर नाचाच्या तीन तास आधी. सकाळी सातच्या वर्गासाठी पहाटे चारला तर्री देणारी गाडी मला अजून सापडलेली नाही. सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वडीचा, तर मी विचारही करत नाही. म्हणजे विचार करते, खात नाही.

मग राहतो कोरडा खाऊ. पिशवीत टाका, विसरा, हवा तेव्हा काढा, असं ज्याचं वर्णन करतात तो. राजगिऱ्याचा लाडू घ्या. हलका, पौष्टिक, उपासालाही चालतो, आणि वर्ग घेणं हा एक उपासच आहे. पण लाडू फोडला की निम्मा जमिनीवर जातो, आणि जमिनीवर अनवाणी पोरी असतात. उरलेला निम्मा तोंडात असताना ‘थेई’ म्हटलं की पहिल्या रांगेवर अक्षता पडतात.

फुटाणे उत्तम. इतवारीतून भट्टीवरचे गरम आणावेत, शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं, दामही हलका. जिमवाल्या बाबांचाही फुटाण्यांना पाठिंबा आहे. फुटाण्यांची सालं दाढेत जाऊन बसतात, तेवढं चालवून घेते. दुसरी अडचण सभ्य बाईनं लिहू नये अशी आहे. एवढंच सांगते की थाट या सुरुवातीच्या प्रकारात नर्तकी निश्चल उभी असते, लहरा (ताल धरून ठेवणारी पेटीची धून) विलंबित चाललेला असतो आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते.

चिक्कीनं जबडा अडकतो. खजुराचं दुःख वेगळं आहे. खजुरासारखी झटपट ताकद देणारी वस्तू नाही, निम्म्याहून जास्त साखरच असते त्यात, आणि तीही लगेच रक्तात उतरणारी. पण कथकाचे बोल पाहा: ता, थेई, तत्, धा, दिग. बहुतेक सगळे दंत्य. जिभेनं वरच्या दातांना टेकल्याशिवाय एकही फुटत नाही, आणि त्या जागी खजूर आधीच येऊन बसलेला असतो. ‘आमद’ बोलता येते अर्धीअधिक, पण नुसत्या ‘आम’वर किती मुली नाचवणार?

जिमवाल्या बाबांनी एकदा प्रोटीन बार आणून दिला. मनाचा माणूस चांगला. वेष्टनावर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र होतं. घटक वाचले तर पहिलाच खजूर. म्हणजे शत्रू तोच, फक्त कपडे बदलून आलेला, आणि त्याच्या किमतीत गोकुळपेठ बाजारात केळ्यांची फणी आली असती. एक घास चावायला घेतला तेव्हा मध्यमाच्या मुली ठाय, म्हणजे संथ लयीत होत्या. गिळला तेव्हा त्यांची चौगुण चालली होती.

माझी आई यवतमाळहून सातूचं पीठ पाठवते. गहू भिजवून, वाळवून, भाजून, त्यात डाळवं, सुंठ, वेलदोडा घालून दळलेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे सातू-गुळावर लहानपणं काढलेली माणसं आहेत, आणि ती अजून दणकट आहेत. पण आईची सूचना होती, ‘घाई असली तर चिमूटभर कोरडंच तोंडात टाकत जा वं.’ आईनं आयुष्यात कधी पढंत केलेली नाही. कोरड्या सातूवर ‘तिगदा दिगदिग थेई’ म्हटल्यावर जो ढग उठला, त्यात विशारदच्या मुलींना काही क्षण मी दिसले नव्हते. गुळाच्या पाण्यात पातळ कालवला की सातू नंबर एक, बोलही स्वच्छ येतात. मात्र पेलाभर प्यायलं की तासाभरात बाथरूमला जावं लागतं, आणि आमच्या हॉलच्या बाथरूमची किल्ली चौकीदाराकडे असते, आणि चौकीदार चहाला गेलेला असतो.

थंडीत जरा बरे दिवस येतात. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले शिंगाडे उकडून हातगाडीवर येतात. पोटभरीचे, बिनतेलाचे, मऊ. पण सोलताना बोटं काळी होतात, आणि मग त्याच बोटांनी राधेचा घुंघट दाखवायचा असतो. संत्र्यांचं बाहेरच्या लोकांना वाटतं तसं नाही, की आम्ही बारा महिने संत्री सोलत बसलेलो असतो. आंबिया बहार दिवाळीच्या मागंपुढं, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात, आणि मधल्या काळात आम्हीही बाकी महाराष्ट्रासारखेच. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. तहान, साखर, आंबटगोड तरतरी, सगळं एका फळात, आणि बोल अगदी सुटे. पण संत्रं गुपचूप खाता येत नाही. साल फोडली की वास शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि ततकार, म्हणजे पायांचं काम, थांबते. मग ‘ताई, एक फोड’. पंधरा पोरी, दहा फोडी. कळमन्याहून पोतं आणलं तरी माझ्या वाट्याला साल येईल.

उन्हाळी शिबिर मात्र खरी परीक्षा. शाळांना सुटी, म्हणून पालकांना वाटतं मुलींनी दिवसभर नाचावं. बाहेर ४५ अंश, आत वाळ्याचा कूलर, आणि कूलरच्या तोंडाशी उभं राहण्यावरून आमच्याकडे जे राजकारण चालतं त्याला ताल नाही. घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं, हे पोरींना पटत नाही. त्या नुसतं थंड पाणी ढोसतात आणि मग पोटऱ्यांत गोळे आल्यावर रडतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं घरगुती प्रमाण मी फळ्यावर लिहून ठेवलं, तर एका चिमुरडीनं त्याच्यावर तालाची टाळी-खाली मांडून पाहिली. शेवटी मी कैरीचं पन्हं नेऊ लागले. गूळ, मीठ, उकडलेली कैरी, म्हणजे तेच औषध, पण चवीनं घेण्यासारखं. डबाभर पन्हं दुपारपर्यंत संपतं. ताक नेलं होतं एकदा. ताकानं ढेकर येतो, आणि तो हमखास समेवर येतो.

याच शिबिरात मी फर्मान काढलं होतं की वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं बंद, घरचं काहीतरी आणा. फर्मान मुलींसाठी होतं, पाळलं आयांनी, आणि ईर्ष्येनं पाळलं. एकीनं सुक्यामेव्याच्या वड्या दिल्या, म्हणून दुसरीनं त्यावर चांदीचा वर्ख लावून दिल्या. एका आजींनी ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, डिंकाचे लाडू पाठवले. डिंक, तूप, मेथ्या, खारीक, सगळं सढळ हातानं. मी घाबरून फोन केला. आजी म्हणाल्या, “पोरगी दिवसभर पाय आपटून राहिली ना जी! हाडं नाही झिजत का तिची? तुम्ही पण खा. तुमची तर जुनी आहेत.”

या सगळ्यातून जे तगलं ते केळं. मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी, सत्तावीसेक ग्रॅम कर्बोदकं, सोलायला सेकंद, गिळायला दोन, आणि जीभ लगेच कामाला मोकळी. दुर्गुण एवढाच की मेमध्ये सकाळी पिशवीत ठेवलेल्या केळ्याची दुपारी शिकरण निघते, दूध सोडून. आणि नुसत्या केळ्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणून सोबत फल्लीदाण्याचा लाडू. भाजलेले दाणे, गूळ, बस्स. दाण्यांत शंभराला पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि तेल भरपूर, त्यामुळे पोट तग धरतं. त्याच तेलापायी हा लाडू नाचाआधी खायचा नसतो, आणि तो टाळ्याला चिकटतो म्हणून पढंतीआधीही नाही. त्याची जागा एकच, शेवटच्या बॅचनंतर.

परवा हौशी बॅच गेली. निवृत्त बाईंनी गुडघा धरून जिना उतरला, कूलर बंद झाला, मी हॉलमध्ये चहूकडे पाहून घेतलं आणि लाडू अख्खा तोंडात टाकला. तेवढ्यात प्रारंभिकच्या एका मुलीची आई धापा टाकत वर आली.

“ताई, एकच मिनिट जी! उद्या शाळेत गॅदरिंगची निवड आहे. ती तिहाई तेवढी बोलून द्या, पोरगी रात्री ऐकून पाठ करून घेईल.”

मोबाइल समोर, रेकॉर्डिंग सुरू, लाल ठिपका चमकतोय. मी खुणेनं थांबायला सांगितलं. तिला वाटलं मी ताल धरला. तिहाईत एकच तुकडा तीनदा म्हणतात, म्हणजे लाडूला सुटायला तीन संधी होत्या. त्यानं एकही घेतली नाही.

तो व्हिडिओ रात्री पालकांच्या ग्रुपवर आला. खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. ग्रुपवर पेटी वाजवणारे एक आजोबा आहेत, त्यांनी सविस्तर लिहिलं: “सुंदर पढंत. ‘फेई’ हा बोल मात्र प्रथमच ऐकला. लखनौ घराण्याचा की जयपूर?”

पोरीची निवड झाली. तिहाई तिनं जशीच्या तशी म्हटली. आता प्रारंभिकची अख्खी रांग ‘ता फेई फेई फत्’ म्हणते, आणि मी दुरुस्त करायला गेले की मला व्हिडिओ दाखवते.