‘बी’ पर्याय का नाही? एका लांबलचक आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया जरा चिडून लिहिलेली आहे, पण प्रत्येक आक्षेपाला काहीतरी आधार दिलाय. तिच्याखाली दोन ओळी खरडून ‘धन्यवाद’ म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतंत्र लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी वाद कशावरून आहे ते आधी सांगतो. सेन्टेन्स करेक्शनचा, म्हणजे इंग्रजी वाक्यासाठी पाच पर्यायांतून सर्वांत चांगला निवडायच्या परीक्षेतल्या प्रश्नप्रकाराचा, नमुना म्हणून मी हे वाक्य दिलं होतं:

“हॅविंग स्टडीड लेक्स फॉर सिक्स यिअर्स, द कन्क्लूजन ऑफ द रिसर्चर्स वॉज दॅट बैकल इज डीपर दॅन एनी लेक इन द वर्ल्ड.”

स्वल्पविरामाच्या पुढचा भाग सुधारायचा होता. ‘ए’ म्हणजे आहे तसंच. ‘बी’ची सुरुवात “द रिसर्चर्स’ कन्क्लूजन वॉज दॅट” अशी आणि शेवटी “एनी अदर लेक”. ‘सी’मध्ये “द रिसर्चर्स कन्क्लूडेड दॅट”, शेवटी तेच “एनी अदर लेक”. ‘डी’ अगदी ‘सी’सारखा, फक्त ‘अदर’ गाळलेला. ‘ई’मध्ये “इट वॉज कन्क्लूडेड बाय द रिसर्चर्स दॅट”. मी उत्तर ‘सी’ दिलं होतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘बी’मध्ये स्वल्पविरामाला लागूनच रिसर्चर्स आहेत, अभ्यास कुणी केला हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग ‘बी’ चूक कसा? ‘अदर’ असला काय नि नसला काय, अर्थ तोच. दुसरं, २००२च्या एका परीक्षेतला आपलाच प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांना रद्द करावा लागला होता, तेव्हा या नियमांना फार किंमत देऊ नये. तिसरं, ज्याचं इंग्रजी वाचन चांगलं आहे त्याने कानावर विश्वास ठेवावा. नियम सांगणारे लोक मुलांना उगाच घाबरवतात. आणि चौथं, जीमॅटने (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा) हा प्रकारच काढून टाकला, यातच सगळं आलं.

आधी ‘बी’. तिथे रिसर्चर्स दिसतात, पण अपॉस्ट्रॉफी लावून, म्हणजे षष्ठी विभक्तीत. “द रिसर्चर्स’ कन्क्लूजन वॉज” या तुकड्याचा कर्ता कोण, हे क्रियापदालाच विचारा. संशोधक अनेक आहेत, तरी क्रियापद ‘वॉज’ आहे, ‘वेअर’ नाही. म्हणजे क्रियापद ‘कन्क्लूजन’शी जुळलंय. “हॅविंग स्टडीड…” हा सुरुवातीचा तुकडा स्वतःचा कर्ता घेऊन आलेला नाही. तो मुख्य वाक्याच्या कर्त्याकडून उसना घेणार. ‘बी’मध्ये त्याच्या हाती निष्कर्ष लागतो, आणि सहा वर्षं सरोवरांचा अभ्यास निष्कर्षाने केला असं वाक्य तयार होतं. वाचणाऱ्याला खरा अर्थ कळतो, मान्य. पण तो कळतो ते वाचणारा समजूतदार आहे म्हणून. वाक्याचं त्यात काही श्रेय नाही.

यातली मेख अशी की अपॉस्ट्रॉफी ऐकू येत नाही. “रिसर्चर्स” आणि “रिसर्चर्स’” यांचा उच्चार तंतोतंत एकच. मनात वाक्य म्हणून बघणाऱ्याला ‘बी’ आणि ‘सी’ सुरुवातीला सारखेच वाटणार. प्रश्न काढणारा हे जाणून असतो, म्हणून हा सापळा पुन्हा पुन्हा लावला जातो.

आता कानाबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि इतर तीन त्याच्या मागून आलेत.

हे वाक्य मराठीत म्हणून बघा: “सहा वर्षं सरोवरांचा अभ्यास करून संशोधकांचा निष्कर्ष असा निघाला की बैकल जगातल्या कुठल्याही सरोवरापेक्षा खोल आहे.” कुठे अडखळलात? मी तरी नाही अडखळत. ‘करून’चा कर्ता संशोधक, मुख्य वाक्याचा कर्ता निष्कर्ष, तरी मराठी वाक्य बिनतक्रार चालतं. “घरी जाताना पाऊस लागला” यात घरी पाऊस जात नव्हता हे सांगावं लागत नाही. मराठी अशा ठिकाणी सढळ आहे. संदर्भावरून कर्ता लावून घेते. इंग्रजीत “वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड” म्हटलं की परीक्षेपुरता तरी पाऊसच चालत घरी निघतो.

‘पेक्षा’चंही तसंच. “त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे” हे चोख मराठी आहे, पगाराची तुलना माणसाशी झाली म्हणून कुणी दचकत नाही. इंग्रजीत “हिज सॅलरी इज हायर दॅन मी” चालत नाही, “दॅन माइन” म्हणावं लागतं. आणि “कुठल्याही सरोवरापेक्षा खोल” म्हणताना त्या ‘कुठल्याही’तून बैकल वगळायचं, हे मराठी ऐकणारा न सांगता करतो. परीक्षेतलं इंग्रजी ते स्वतःहून करत नाही. बैकल जगातच आहे, तेव्हा “एनी लेक इन द वर्ल्ड” म्हटलं की बैकलही त्यात धरलं जातं, आणि ते स्वतःपेक्षा खोल ठरतं. ‘डी’ तेवढ्यासाठी बाद. (बैकल साधारण १,६४२ मीटर खोल, जगातलं सर्वांत खोल सरोवर. माहिती खरी असली की वाचणारा मान डोलावतो आणि वाक्याकडे बघायचं राहून जातं. असे प्रश्न काढताना माहिती शक्यतो खरी ठेवावी ती याचसाठी.)

तर ज्या कानावर भिस्त ठेवा म्हणताय, तो कान मराठीच्या सवलती घेऊन इंग्रजी वाक्य ऐकतोय. तो मंद नाही, उलट फार हुशार आहे. वाक्यात जे नाही तेही भरून काढतो. या प्रश्नप्रकारात नेमकी तीच हुशारी महागात पडते.

यावर तुम्ही म्हणाल, ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याचा कान तरी खरा ना? तोही नाही. १९९१ मध्ये कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोघींनी इंग्रजी भाषकांना वाक्याचा सुरुवातीचा तुकडा देऊन पुढचं वाक्य बोलून पूर्ण करायला सांगितलं. “द की टू द कॅबिनेट्स” अशा धर्तीचे तुकडे होते. किल्ली एकच, पण जवळ ‘कॅबिनेट्स’ हे अनेकवचन असलं की लोक ‘वॉज’ऐवजी ‘वेअर’ बोलून जात. उलट बाजूने, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि जवळचं नाम एकवचनी असताना, अशा चुका क्वचितच झाल्या. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचा कान शेवटचं ऐकलेलं अनेकवचन धरून बसतो. परीक्षेतल्या वाक्यांत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये “ऑफ”, “अलाँग विथ”, “अ‍ॅज वेल अ‍ॅज” घालून चांगलं लांबलचक अंतर ठेवलेलं असतं आणि क्रियापदाच्या अगदी अलीकडे एखादं अनेकवचनी नाम आणून बसवलेलं असतं, ते याच कमजोरीवर नेम धरून.

वाचन वाढवा हा तुमचा सल्ला मला मान्यच आहे. ‘कॉन्ट्रिब्यूट’नंतर ‘टू’ येतं, ‘कॅपेबल’नंतर ‘ऑफ’, ‘प्रोहिबिट’नंतर ‘फ्रॉम’, ही गोष्ट नियमाने शिकता येत नाही, ती कानानेच येते. तिथे खुशाल कानाचं ऐका. फक्त कर्ता कोण आणि तुलना कुणाची कुणाशी, हे दोन प्रश्न आले की कान बंद करून बोट ठेवून वाचा.

आता २००२. किस्सा तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो ज्या बाजूने वापरलात ती मला पटली नाही. त्या वर्षीच्या पीएसएटीत (अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची पूर्वपरीक्षा) हे वाक्य आलं होतं: “टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टू क्रिएट नॉव्हेल्स दॅट अराइज फ्रॉम अँड एक्सप्रेस द इनजस्टिसेस आफ्रिकन अमेरिकन्स हॅव एन्ड्युअर्ड.” चूक शोधा, नसेल तर ‘नो एरर’. अधिकृत उत्तर ‘नो एरर’. एका शिक्षकाने हरकत घेतली की ‘हर’ हे सर्वनाम ‘टोनी मॉरिसन्स’ या षष्ठीतल्या नावाकडे बोट दाखवू शकत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी नकार दिला, पण शेवटी २००३ मध्ये तो प्रश्न वगळून गुण पुन्हा मोजले, कारण असा नियम काही व्याकरणपुस्तकांत छापलेला होता.

तो नियम मात्र पोकळ आहे, असं माझं स्पष्ट मत. “जॉन्स फादर गेव्ह हिम अ वॉच” या वाक्याला कुठला इंग्रज नाक मुरडेल? सर्वनामाला आपला माणूस शोधायला षष्ठीतलं नाव पुरतं. तेव्हा भाषावैज्ञानिकांनीही त्या हरकतीची खिल्ली उडवली होती. पण म्हणून ‘बी’ पर्याय सुटत नाही. तिथे सर्वनाम नाहीच. सर्वनाम वाक्यात मागे-पुढे फिरून नाव शोधतं. सुरुवातीचा “हॅविंग स्टडीड” फिरत नाही, त्याला मुख्य कर्ताच लागतो. दोन्हीकडे अपॉस्ट्रॉफी आहे एवढंच साम्य. तुम्ही एका खटल्याचा निकाल दुसऱ्या खटल्यात दाखल केलाय.

तरीही काही नियम निव्वळ कुणाच्या तरी आवडीतून आलेत, हा तुमचा संशय रास्त आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’ हवं, हा आग्रह १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने स्वतःची पसंती म्हणून मांडला होता. त्याआधी कित्येक शतकं लोक ‘लेस’ बिनदिक्कत वापरत होते. ‘दॅट’ आणि ‘विच’ यांची आजची वाटणी हेन्री फाउलरने १९२६ मध्ये सुचवली, तीही ‘असं झालं तर बरं’ अशा सुरात, आणि ब्रिटिश लेखकांनी ती आजही पुरती मानलेली नाही. हे नियम परीक्षेपुरते पाळावेत आणि बाहेर आल्यावर त्यांच्यावरून कुणाशी भांडू नये. अगदी मॉडिफायरच्या, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याला मुख्य कर्ताच लागतो या, नियमालाही अपवाद आहेत. “कन्सिडरिंग द वेदर, द मॅच वेन्ट वेल” यात हवामानाचा विचार सामन्याने केलेला नाही, तरी ते शुद्ध धरतात, कारण ‘कन्सिडरिंग’ आता जवळपास शब्दयोगी अव्यय झालंय.

‘ई’बद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण खरी घासाघीस तिथेच होऊ शकते. “हॅविंग स्टडीड…, इट वॉज कन्क्लूडेड” ही धाटणी शोधनिबंधांत पावलोपावली भेटते आणि कुणी हटकत नाही. तुम्ही ‘बी’ऐवजी ‘ई’ची बाजू घेतली असती तर मला जास्त घाम फुटला असता. तरी परीक्षेत ‘ई’ घ्यायचा नाही, कारण प्रश्न ‘हे चालेल का’ असा नसतो. दिलेल्यांतला सर्वांत चांगला पर्याय मागितलेला असतो, आणि शेजारी ‘सी’ उभा आहे.

जीमॅटचं उत्तर लवकर आटपतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या परीक्षेची नवी आवृत्ती, फोकस एडिशन, आली, तिच्यात सेन्टेन्स करेक्शन नाही, हे खरं. त्याच फटक्यात भूमिती आणि निबंधही गेले. भूमिती गेली म्हणून त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बदलल्याचं ऐकिवात नाही. शिवाय डिजिटल एसएटीत रीडिंग अँड रायटिंगचे ५४ प्रश्न असतात, त्यातले साधारण पाव प्रश्न ‘स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स’चे, म्हणजे व्याकरण आणि विरामचिन्हांचे. तिथे सुरुवातीला असाच अधांतरी तुकडा, मग रिकामी जागा, आणि चार पर्यायांत चार वेगवेगळे कर्ते, हा प्रश्न ठरलेला आहे. अपॉस्ट्रॉफीवाला पर्याय त्या चारांत बहुधा असतोच.

राहता राहिला तुमचा ताजा कलम: “पर्यायात ‘बीइंग’ दिसलं की डोळे मिटून उडवायचं, असं सगळेच सांगतात, ते तरी खरं का?” नाही. ‘बीइंग’ पुष्कळदा चुकीच्या पर्यायात असतं कारण ते उगाच घुसडलेलं असतं: “द रिझन बीइंग दॅट” वगैरे. पण “इन अ‍ॅडिशन टू बीइंग चीपर, द न्यू मेथड इज फास्टर” यात ‘बीइंग’ काढून दाखवा. ‘टू’नंतर तिथे नामासारखं काहीतरी हवं आणि ते काम ‘बीइंग’च करतंय. आधी त्या जागी त्याचं काम काय ते बघा, मग उडवायचं की नाही ते ठरवा.