मोनोसेक्स चिलापीच्या बीजाबद्दलच्या तक्रारीला हॅचरीकडून उत्तर

राम राम दादा. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "सगळे नर म्हणून दुप्पट भावाने चिलापीचं बीज दिलं, तळ्यात पिल्लंच पिल्लं झाली. विचारलं तर पाण्याच्या उष्णतेने मादीचा नर होतो अशा थापा मारतात. फसवणूक." तुमचं खाद्य पिल्लांच्या तोंडी गेलं, मासा वजनाला भरला नाही, याचं आम्हालाही वाईट वाटतं. त्रास झाला त्याबद्दल क्षमा असावी.

पण "थापा" हा शब्द फार लागला. तो वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी या हंगामाची मागणी थांबवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कालवड की गोऱ्हा हे गाय गाभण राहते तेव्हाच ठरतं. माशाचं तसं नाही. आपण पाळतो त्या नाइल तिलापियात, म्हणजे नाइल चिलापीत, नराची लिंग ठरवणारी गुणसूत्रं एक्सवाय आणि मादीची एक्सएक्स, हे खरंच. पण अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची जननग्रंथी सुरुवातीचे काही आठवडे कच्ची असते. त्या दिवसांत पाणी सलग ३६ अंशांच्या आसपास राहिलं, तर जन्माने एक्सएक्स असलेली काही पिल्लंसुद्धा नर होतात. किती होतील, ते आईबापांच्या वाणावर असतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिल्व्हरसाइड माशात पिल्लं थंड पाण्यात वाढली तर माद्या जास्त आणि उबदार पाण्यात नर जास्त होतात, हे कॉनोव्हर आणि कायनार्ड या शास्त्रज्ञांनी १९८१ सालीच दाखवलं आहे. फोनवर मी हेच सांगत होतो. तुम्ही मध्येच फोन ठेवलात.

आणि आम्ही उष्णतेच्या भरवशावर बीज करतही नाही. मादीच्या तोंडातून अंडी काढून जारमध्ये उबवतो. पोटाचा पिवळा बलक संपून पिल्लू खायला लागलं, की त्याच दिवसापासून मिथाइल टेस्टोस्टेरॉन या नर बनवणाऱ्या संप्रेरकाचं खाद्य सुरू होतं, किलोला ६० मिलिग्रॅम, २१ ते २८ दिवस. टाकीत शेवाळ धरलं तर पिल्लं तेच टिपत बसतात, म्हणून टाक्या रोज घासाव्या लागतात. एखाद्या पिल्लाच्या पोटात औषधी खाद्य कमी गेलं की ते मादीच राहतं. म्हणून पावतीवर "९५ टक्क्यांहून अधिक नर" असं छापलेलं आहे. "सगळे नर" असं आम्ही कुणालाही लिहून दिलेलं नाही. दुप्पट भाव या कामाचा आहे.

आता तुम्हीच टाकलेला फोटो बघा. तोंडात अंडी धरलेल्या त्या मादीच्या शेपटीवर उभे पट्टे नाहीत. नाइलच्या शेपटीवर ते ओळीने स्पष्ट दिसतात. ही मोझांबिक चिलापी आहे. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या पाण्यात जाळं टाकाल तिथे सापडते. बीज सोडलं तेव्हा तुमच्या तळ्यात आधीचं गुडघाभर पाणी होतं आणि ओढ्यावरच्या मोटारीच्या पाइपाला जाळी नव्हती. तळं आटवा, चुना मारा, जाळी बांधा, मग भरा, असं तुमच्या गड्याला तिथेच सांगितलं होतं. आमच्या बीजातल्या शंभरात दोन-चार माद्याही अंडी देणारच, ते मी नाकारत नाही. एक मादी एका खेपेला शेकड्यांनी अंडी देते. पण त्या फोटोतली मादी आमच्याकडची नाही.

पुढच्या हंगामापासून प्रत्येक लॉटच्या तपासणीचा कागद पावतीला जोडू. नमुन्याच्या माशांची ग्रंथी काढून, अॅसिटोकार्माइनचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, त्याचीच नोंद असेल. बीज सोडण्याआधी तळं बघून घेण्याचंही काहीतरी बसवतो.

तोवर एक करा. तळ्यातले पंचवीस-तीस मोठे मासे बर्फात घालून इकडे घेऊन या. पोटाखाली जांभळी शाई लावली की नराला दोन छिद्रं दिसतात आणि मादीला तीन. तुमच्यासमोर मोजू, शेपट्याही बघू. पट्ट्यावाल्या माद्या पावतीवर लिहिल्यापेक्षा जास्त निघाल्या तर तेवढं बीज पुढच्या वेळी बिनपैशाने देतो. फक्त सकाळी खाद्य टाकायच्या वेळेत येऊ नका, दुपारी या.