हेल्मेट घालून मिडफिल्डर होता येत नाही

मेलबर्नच्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मुलाला क्रिकेट सोडून फुटीत (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये) घाला.’ त्यानुसार एएफएलचा, म्हणजे फुटीच्या सर्वात वरच्या लीगचा, मिडफिल्डर (मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळवणारा खेळाडू) व्हायला फक्त पळता आलं पाहिजे; कुठल्याही खेळातून अठराव्या वर्षी आत शिरता येतं; ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात) नाव आलं की पस्तिशीपर्यंत डॉलरच डॉलर; आणि डोक्याला लागायची भीती असेल तर मऊ हेल्मेट घाला, आपटला तरी दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगला पाठवा. हे वाचून माझ्या मावसबहिणीने मुलासाठी हेल्मेट मागवलंसुद्धा. आता गप्प बसणं शक्य नाही.

हेल्मेटपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर अपेक्षाभंग होईल. फुटीचं हेल्मेट म्हणजे फोमच्या पट्ट्या. कान फाटणं, टेंगूळ येणं, कपाळ फुटणं त्याने कमी होतं. पण कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) होतं ते डोकं झटक्यात फिरून मेंदू कवटीच्या आत हलतो म्हणून, आणि बाहेरचा फोम ते थांबवू शकत नाही. कधी धक्का छातीला बसतो, डोक्याला काहीच लागत नाही, तरी कन्कशन होतं. अँगस ब्रेशॉ आठवतोय का? मेलबर्न डेमन्स या एएफएल क्लबचा हा खेळाडू हेल्मेट घालूनच खेळायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये कॉलिंगवूडविरुद्ध त्याने किक मारली, ती अडवायला ब्रेडन मेनार्डने उडी घेतली आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. हेल्मेट होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने तो निवृत्त झाला, तेव्हा वय २८.

‘दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग’ हे तर निव्वळ बेजबाबदार आहे. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना मुलांसाठी आणि स्थानिक क्लबांसाठी स्पष्ट आहेत. सगळी लक्षणं गेल्यावर १४ दिवस कोरडे जायला हवेत, त्यानंतरच टॅकलचा (चेंडूवाल्याला पकडून अडवण्याचा) सराव. सामना कन्कशनपासून किमान २१ दिवसांनी. इथे लोक हिशेब चुकवतात: २१ हा किमान आकडा आहे. डोकेदुखी दहाव्या दिवशी थांबली, तर टॅकलचा सराव चोविसाव्या दिवसाआधी नाही आणि सामना त्याच्याही पुढे. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमी. मग चालणं, हलकं पळणं. शाळा आधी, फुटी नंतर. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झटके आले किंवा हातपाय लुळे वाटले तर ट्रिपल झिरो (आणीबाणीचा ००० नंबर) लावायचा, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

‘मग एएफएलवाले बाराव्या दिवशी कसे उतरतात?’ उतरतात, खरं आहे. त्यांच्या मागे क्लबचा डॉक्टर असतो आणि टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात. तुमच्या मुलाच्या अंडर-फोर्टीन संघामागे असतो कुणाचा तरी बाबा आणि एक फर्स्ट-एडची पेटी.

आता ‘फक्त पळणं’. मिडफिल्डर सामन्यात १२-१५ किलोमीटर सहज पळतो, मान्य. पण नुसत्या दमावर भागत असतं तर सगळे मॅरेथॉनवाले ब्राउनलो मेडल (एएफएलच्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) घेऊन गेले असते. मधल्या ५० मीटरच्या चौकोनात सुरुवातीला दोन्ही संघांचे चार-चार जण असतात. रकमन (उडी मारून चेंडू आपल्या माणसाकडे ढकलणारा उंच खेळाडू) चेंडू कुठे टॅप करणार हे त्याच्या हातावरून ओळखायचं, हाताने पास द्यायला चेंडू एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. फेकला तर समोरच्या संघाला फ्री किक. मोकळा वेळ मिळूनही टॅकलमध्ये धरून बसलात तरी फ्री किक. म्हणून चेंडू हातात येण्याआधीच पुढचा पास ठरलेला लागतो. पळताना दर १५ मीटरला चेंडू जमिनीला टेकवायचा. उशिरा शिकणाऱ्यांचं घोडं अडतं ते किकपाशी: ते चेंडू छातीच्या उंचीवरून सोडतात, तो पायावर येईपर्यंत तिरका होतो आणि किक भरकटते. हात खाली नेऊन सोडायची सवय लागायला वर्षं जातात, डाव्या पायाने तर विचारूच नका.

दुसऱ्या खेळातून येता येतं, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल. आयर्लंडचा टाइग केनेली सिडनीकडून २००५ ची प्रीमियरशिप (एएफएलचं विजेतेपद) जिंकला, अमेरिकन बास्केटबॉलपटू मेसन कॉक्स २०२३ मध्ये कॉलिंगवूडकडून. पण केनेली मुख्यतः बचावात खेळला आणि लहानपणापासून गेलिक फुटबॉल खेळलेला. कॉक्सला जागा मिळाली ती उंचीमुळे, रकमनच्या जागी आणि फॉरवर्डला, म्हणजे गोलच्या बाजूला. तिथे उंची किंवा लांब किक पुरते. गर्दीतून चेंडू काढायची उपजतासारखी सवय अठराव्या वर्षी सुरू करून कुठून आणणार?

पस्तिशीचं म्हणाल तर कॉलिंगवूडचा मिडफिल्डर स्कॉट पेंडलबरीने २०२४ मध्ये ४०० वा सामना खेळला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. त्याच्याकडे बोट दाखवून हिशेब मांडणं म्हणजे तेंडुलकर बघून गल्लीतल्या पोराचं पेन्शन ठरवणं. पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो. क्लब तुम्हाला निवडतो, तुम्ही क्लबला नाही. मेलबर्नच्या पोराचं नाव पर्थने घेतलं तर बॅग भरायची. आणि पाय मोडायला सामनाच लागतो असंही नाही: २०१८ चं ब्राउनलो जिंकलेल्या टॉम मिचेलचा पाय जानेवारी २०१९ मध्ये सरावात मोडला आणि अख्खा मोसम गेला. त्याचा क्लब थांबला, कारण तो टॉम मिचेल होता. पहिल्या करारावरच्या पोरासाठी कुणी थांबेलच असं नाही.