अठरा माणसे आणि एक टेबल

आपल्या गोतावळ्यातील १८ माणसांना एका क्रूझवर सात रात्री एकत्र नेण्याचा निर्णय आपण घेतला, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. समुद्र, बंदरे, सूर्यास्त, पोहण्याचा तलाव या गोष्टी जाहिरातीपुरत्या ठीक असतात. या सहलीचा खरा हेतू रोज रात्री अठराच्या अठरा माणसांना एकाच वेळी एकाच टेबलाभोवती बसवणे हा आहे, हे आपल्यासारख्या जाणत्या आयोजकाला वेगळे सांगायला नको. वर्षभरात ज्या माणसांना एका फोनवर एका वेळी आणता आले नाही, ती पाण्यावर गेली की आपोआप वेळेवर जमतील, हा आपला विश्वास हृद्य आहे. तो सातही रात्री टिकावा म्हणून काही सूचना करतो. मी स्वतः अशाच एका टेबलावर, खांबाआडच्या पंधराव्या खुर्चीत, सात रात्री काढलेल्या आहेत. तेव्हा या सूचना ऐकीव नाहीत.

सुरुवात आरक्षणापासून करावी. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापले आरक्षण आपापल्या एजंटाकडून, आपापल्या सोयीच्या महिन्यात करावे आणि आपला आरक्षण क्रमांक एखाद्या घराण्याच्या गुपितासारखा जपावा. हे सगळे क्रमांक कंपनीला कळवले की ती आरक्षणे एकमेकांना जोडता येतात आणि भोजनगृहात त्या मंडळींची टेबले शेजारीशेजारी लागण्याची शक्यता बरीच वाढते, असे काही अतिउत्साही लोक सांगतात. परंतु निघण्याच्या चार-सहा महिने आधीपासून जेवायला कुठे बसायचे याची चिंता करणे हावरटपणाचे दिसते. ‘जहाजावर गेल्यावर बघू’ एवढे वाक्य पुरेसे आहे. शिवाय अनेक जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन ठरलेल्या पंगती असतात, एक साधारण ५.३० ते ६ च्या सुमारास आणि दुसरी ८ ते ८.३० च्या सुमारास. आणि ज्यांना ठरलेली वेळ नको त्यांना हवे तेव्हा येऊन मिळेल त्या टेबलावर बसण्याची मुभा असते. लहान मुलांच्या आईवडिलांनी पहिली पंगत घ्यावी, बंदरावर दिवसभर भटकणाऱ्यांनी दुसरी घ्यावी आणि ‘सुट्टीत तरी घड्याळ नको’ असे म्हणणाऱ्या मेहुण्याने मुभा घ्यावी. एका टेबलाच्या स्वप्नाची याहून भक्कम पायाभरणी होऊ शकत नाही.

जहाजावर चढल्याच्या दिवशी दुपारी भोजनगृहाचा व्यवस्थापक किंवा त्याचे सहकारी टेबलांच्या तक्रारी ऐकायला बसलेले असतात आणि जे शहाणे लोक त्या वेळी जाऊन भेटतात त्यांचे काम बहुधा तिथेच मार्गी लागते. आपण त्या वेळी बुफेच्या रांगेत असावे. त्या दिवशी आणखी एक प्रसंग येतो, तो म्हणजे सुरक्षेची कवायत. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१२ मधील ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. अठराही जणांनी ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या जागी हजेरी लावल्याचे दृश्य आपल्याला संपूर्ण सहलीत एवढ्या एकाच वेळी दिसेल, ते डोळे भरून पाहून घ्यावे. जेवणासाठी असा आंतरराष्ट्रीय करार अजून झालेला नाही.

आता पहिल्या रात्री, दुसऱ्या पंगतीच्या ऐन गर्दीत, भोजनगृहाच्या दारात अठराजणांचा घोळका करून उभे राहावे आणि व्यवस्थापकाला प्रसन्न मुद्रेने सांगावे, “आम्ही सगळे एकत्रच आहोत.” या भोजनगृहांतील बहुतेक टेबले दोन, चार, सहा, आठ किंवा फार तर दहा-बारा माणसांची असतात, आणि दोन टेबलांमधली जी रिकामी वाट आपल्याला वाया गेलेली वाटते तिच्यातून वेटरला डोक्याइतक्या उंचीवर थाळ्यांचा डोलारा घेऊन जायचे असते. अर्थात हा त्याचा प्रश्न आहे. तो नम्रपणे दोन शेजारच्या टेबलांवर नऊ-नऊ जणांनी बसण्याचे सुचवील. ही सूचना ऐकताच आपण दुखावले गेले पाहिजे. नऊ आणि नऊ मिळून अठरा होतात हे गणितात खरे असेल, पण कुटुंबात नऊ आणि नऊ मिळून दोन गट होतात, आणि कोण कोणत्या गटात पडला याची चर्चा पुढची दहा वर्षे पुरते.

इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण आपल्या हट्टाची थोरवी त्याशिवाय कळायची नाही. जुन्या प्रवासी जहाजांवर लांबच लांब टेबले असत, खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या आणि जागच्या जागी फिरणाऱ्या असत, आणि जहाज हेलकावले तरी ताटे मांडीत येऊ नयेत म्हणून टेबलांच्या कडांना लाकडी पट्ट्या लावत. माणूस एकदा त्या रांगेत अडकला की शेजारचा प्रवासी सोसण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. या लांब टेबलांतून सुटका करून घेण्यासाठी प्रवाशांनी चांगले पैसे मोजले: १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर वेगळे उपाहारगृह निघाले, तिथे हवा तो पदार्थ मागवता येई आणि त्यासाठी निराळी किंमत पडे. पुढे लांब टेबलांची जागा लहान टेबलांनी घेतली, आणि २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल या दोन्ही गोष्टी काढून टाकणारी पद्धत आणली व इतर कंपन्यांनी तिचे आपापले अवतार काढले. म्हणजे माणसाने कोणाबरोबर आणि केव्हा जेवावे हे त्याचे त्याला ठरवता यावे, यासाठी एक अख्खा धंदा शंभर वर्षे झटत आला आहे. आपण एका रात्रीत त्याला जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्यांपर्यंत मागे नेत आहात, हे कर्तृत्व लहान नाही.

टेबले जोडून मिळाली (आपली चिकाटी पाहता ती मिळतीलच) की कोणी कुठे बसायचे हा प्रश्न उरतो आणि तो घाईने सोडवू नये. दहा माणसांना एका गोल टेबलाभोवती ३,६२,८८० वेगवेगळ्या प्रकारे बसवता येते. आपल्या अठरांचा आकडा तर पंधरा अंकी भरतो. त्यातले निदान आठ-दहा प्रकार उभ्याउभ्या करून पाहिल्याशिवाय कोणालाही बूड टेकू देऊ नये. वडीलधाऱ्यांना मध्यभागी बसवावे, म्हणजे त्यांना उठायचे झाले की एका बाजूच्या सर्वांना उठता येते. ज्या दोन जावा गेली तीन वर्षे फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलतात त्यांना समोरासमोर बसवावे, कारण समुद्राची हवा सगळे विसरायला लावते अशी आपली श्रद्धा आहे. अठरा माणसांमध्ये १५३ जोड्या असतात, आणि त्यातल्या प्रत्येक जोडीने रात्री एकमेकांशी बोलावे अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात लांब टेबलावर माणसाला डावीकडचा, उजवीकडचा आणि समोरचे दोन-तीन, एवढेच ऐकू येतात. बाकीचे बारा जण त्याला दुरून हातवारे करताना दिसतात. माझ्या पंधराव्या खुर्चीतून मला सातही रात्री आमच्या साडूंची उजवी कोपर तेवढी नीट दिसली. ती कोपर मी आजही गर्दीत ओळखीन.

पदार्थ मागवणे हा तर स्वतंत्र सोहळा आहे. अशा भोजनगृहात जेवण टप्प्याटप्प्याने येते आणि टेबलावरच्या सगळ्यांचा एक टप्पा आटोपेपर्यंत पुढचा सहसा येत नाही. म्हणजे सतरा जणांचे सूप संपलेले असताना अठरावा सभ्य गृहस्थ लोण्याच्या वाटीवरून जुन्या नोकरीची हकीगत सांगत असेल, तर सतराजणांनी रिकाम्या थाळीकडे पाहत ती हकीगत ऐकायची असते. या वेळेत आपण मेन्यू परत मागवावा, तीन जणांची निवड बदलावी, आणि मुख्य पदार्थ स्वयंपाकघरातून निघाल्याची खात्री पटल्यावरच वेटरला सांगावे की आत्याला शेंगदाणे चालत नाहीत आणि चुलतभावाला दूध. अशा गोष्टी आरक्षणाच्या वेळी लेखी कळवायच्या असतात, आणि बऱ्याच जहाजांवर तर भोजनगृहाचे लोक आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवशीचा मेन्यू दाखवून काय चालेल ते ठरवून देतात, पण त्यात नाट्य नाही. शेंगदाण्यांचे वावडे जिवावर बेतू शकते, हे मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो. एवढी एक गोष्ट तरी आधी कळवा.

मुलांना टेबलावरच बसवून ठेवावे. काही जहाजांवर मुलांचे जेवण आधी आणि झटपट वाढतात आणि मग मुलांच्या क्लबमधले लोक येऊन त्यांना खेळायला घेऊन जातात, असा एक अनिष्ट पायंडा पडला आहे. त्यामुळे मुले हसतात, आईवडील जेवण गरम असताना खातात आणि शेजारच्या टेबलांवर शांतता पसरते. आपण ठामपणे सांगावे की मुलांनी मोठ्यांत बसायला शिकले पाहिजे. दोन तास चाललेल्या जेवणाच्या अखेरीस चार वर्षांचा मुलगा टेबलाखाली झोपलेला आढळला, तर तो शिकला असे समजावे.

खरी कसोटी तिसऱ्या रात्रीपासून लागते, कारण नव्याचे नऊ दिवस इथे दोन रात्रींतच संपतात. माणसे गळू लागतात. अशा वेळी संपूर्ण कुटुंबाच्या फोनवरच्या गटात ‘बरोबर आठला, सगळ्यांनी’ असा संदेश टाकावा आणि जहाजावरचे इंटरनेट मात्र कोणालाही घेऊ देऊ नये. हा संदेश भर समुद्रात वाट पाहत राहतो आणि दुसऱ्या दिवशी बंदर लागले की अठराही फोनांवर एकदम वाजतो. त्या वेळी माणसे न्याहारी करत असतात. फोनच्या घड्याळावरही पूर्ण विसंबून राहावे. बंदराजवळ फोन किनाऱ्यावरची वेळ उचलतो, जहाजाची वेळ वेगळी असू शकते, आणि मग निम्मे कुटुंब तासभर आधी येऊन बंद दारासमोर उभे राहते तर उरलेले तासभर उशिरा येऊन रागावते. ज्यांना शोधायचे असेल त्यांच्यासाठी मैदान मोठे आहे: २०२४ मध्ये प्रवासाला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब असून त्याला २० डेक आहेत. काही जहाजांवर भोजनगृह अगदी मागच्या टोकाला असते आणि ज्या मजल्यावर ते आहे त्याच मजल्यावरून चालत गेले तर मध्ये स्वयंपाकघर आडवे येते, म्हणून आधी वर चढून, मागे जाऊन, पुन्हा खाली उतरावे लागते. वहिनी पुढच्या लिफ्टपाशी आणि दादा मागच्या लिफ्टपाशी, अशी चाळीस मिनिटांची वाट पाहण्याची शर्यत मी पाहिलेली आहे. दोघेही जिंकले.

समुद्र खवळलेल्या रात्री तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्यामागे मळमळ आहे असे चटकन मानू नये. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात, हे त्यांना केबिनच्या दारात उभे राहून समजावून सांगावे. कोणी बुफेत एकट्याने जेवताना सापडला, तर त्याला त्याच्या थाळीसह उचलून आणण्याचा अधिकार आपल्याला आहेच. मात्र परतताना दारातल्या नळावर हात धुवावेत. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस अशा बंदिस्त वस्तीत फार वेगाने पसरतो आणि तो एकदा आला की कुटुंब एकत्र न येण्याला प्रथमच वैद्यकीय कारण मिळते.

पाचव्या रात्री जादा पैसे भरून खास उपाहारगृहात जाण्याची टूम निघेल. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येकाचा खर्च त्याच्या केबिनच्या खात्यावर जातो, म्हणून बिल आपोआप वाटले जाऊ शकते; तसे होऊ देऊ नये. “माझ्या कार्डावर टाका, मागाहून बघू” असे मोठ्याने म्हणावे. हे ‘मागाहून’ आपल्याला पुढच्या सहलीपर्यंत सोबत करील.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे काकांची चांगली विजार बॅगेत गेलेली असते आणि ते झोपायच्या पायजम्यात जेवायला येतात. आत्या येतच नाहीत. मेहुणा आपल्या मुभेनुसार साडेसहालाच जेवून नाटकाला गेलेला असतो. सहा रात्रींत सगळ्यांच्या आवडी पाठ झालेला वेटर न विचारता अकराजणांपुढे अकरा योग्य थाळ्या ठेवतो, मग सवयीने बाराव्या, रिकाम्या खुर्चीपुढे आत्यांचे बिनदाण्याचे गोड ठेवतो आणि काही न बोलता पाण्याचा पेलाही भरतो. त्या जोडटेबलाच्या एका टोकाला चौघेजण, कोण कुठे आहे याची फिकीर न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत कशावर तरी हसत असतात. आपण तिकडे लक्ष देऊ नये. आपण उरलेल्या सात खुर्च्या मोजाव्यात आणि पुढच्या वर्षी साडूंच्या घरचे सहाजणही घ्यावेत, म्हणजे चोवीस होतील. त्यांचे आरक्षण त्यांनाच करू द्यावे.