हिशोब करताना चालतंय की!

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला बरं-वाईट कळतं, असं बाबांचं ठाम मत आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचे जीएसटीचे हिशोब मी घरी आणून रात्री उशिरापर्यंत करत बसतो, तेव्हा तो हूं की चूं करत नाही. गेम लावला, की कधी दहा मिनिटांत, कधी तासाभरानं, ऐन गोळीबारात पडदा काळा. पंखे थांबतात आणि लगेच, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, तो पुन्हा आपणहून सुरू होतो. मग पेपरमागून आवाज येतो, "हिशोब करताना चालतंय की!"

या वाक्याशी भांडता येत नाही, कारण ते खरं आहे. मी समजावून बघितलं. हिशोबाला कॉम्प्युटर शंभर वॅटसुद्धा खात नाही, गेम लावला की एकटं ग्राफिक्स कार्डच दीड-दोनशे वॅट ओढतं, वगैरे. "म्हणजे बिल पण वाढालंय," बाबा म्हणाले. तेव्हापासून वॅट हा शब्द मी घरात काढत नाही.

दुखणं लपत नाही. आमच्या वडगावात तर नाहीच. निपाणीच्या आत्तेभावानं फोनवर पूर्ण ऐकूनही न घेता "फॉरमॅट मार" म्हणून सांगितलं. त्याला कुणी दाढ दुखते म्हणालं तरी तो फॉरमॅटच सांगेल. अनगोळचा मित्र खिशात खोडरबर घेऊनच आला. त्यानं रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या वहीसारखे घासले, फुंकर मारली आणि परत बसवली. हा उपाय हसण्यावारी नेऊ नये. आमच्या हवेत त्या दातांवर खरंच थर बसतो आणि खोडरबरानं मेलेले कॉम्प्युटर उठलेले मी पाहिलेत. पण आमचा मेलेला नव्हता, फक्त अधूनमधून झीट येत होती.

वायरमनला बोलावलं ते वेगळ्या कारणानं. कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. तो घरात आलाच नाही. सरळ परसात गेला, अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सुकलाय की हो. मीठ-कोळसा घाला, पाणी ओता." एप्रिलचा महिना होता, तांबडी माती पापडासारखी नव्हे, चांगली विटेसारखी झाली होती. तेव्हापासून आज्जी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या अर्थिंगला घालते. झिणझिण्या थांबल्या. कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला, पण आज्जीचा त्या खड्ड्यावर विश्वास बसलाय. एक दिवस ती तिथं हळद-कुंकू वाहणार, याची मला खात्री आहे.

मधल्या काळात मी सॉफ्टवेअरकडे वळलो. ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळासकट उपटला, नवा घातला. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो तर कळलं, ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम बसवल्या दिवसापासून २१३३ वर आरामात चालली होती. रॅमला पूर्ण वेगानं पळवणारी एक्सएमपी नावाची कळ कुणी चालू केली नव्हती, आणि ती आपणहून चालू होत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटरही विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वर ठेवलेला. कॉम्प्युटर जुळवून देणारा दुकानातला पोरगा "सगळं टॉप करून दिलंय सर" म्हणाला होता. हे सगळं सरळ केल्यावर गेम लोण्यासारखा चालू लागला आणि पूर्वीपेक्षा जास्त सफाईनं बंद पडू लागला.

जून लागला. बेळगावचा पाऊस बाहेरच्यांना सांगून कळत नाही. एकदा लागला की कपडे वाळणं हा प्रकार गणपतीपर्यंत संपतो. आईनं कधीतरी कॅबिनेटच्या मागच्या जाळीला हात लावला असणार, कारण एका संध्याकाळी तिथं माझे मोजे लटकलेले होते. गेम चालू असताना तिथून झकास गरम हवा येते. मी म्हटलं, अगं, हवा अडली तर कार्ड तापतं, तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. तिनं मोजे दोन बोटं मागं सरकवले आणि म्हणाली, "गेम लाव की रे. बाबांचा बनियन पण आहे." घरात माझ्या खेळण्याला पाठिंबा देणारं हे पहिलं माणूस. हिशोबानं बनियन वाळत नाही, हा मुद्दा बाबांनाही खोडता आला नाही.

यूपीएसही घेऊन झाला. ६०० व्हीएचा. हा आकडा वॅटचा नसतो. तो खरा साधारण ३६० वॅट पेलतो, तेही नवा असताना. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि गोळीबार यांचं ओझं मिळून त्याचा दम निघायचा, मग तो ओरडायचा आणि स्वतःच मान टाकायचा. हिशोबाला मात्र पुरून उरायचा. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

खरा चोर सापडला तो हेडफोन बिघडल्यामुळे. त्या संध्याकाळी मी उघड्या कानांनी खेळत होतो. शेजारच्या अक्कांनी कंपाउंडवरून हाक दिली, "नीर बंत्री!" म्हणजे पाणी आलं हो. आणि गल्लीत एकामागून एक मोटारी सुरू झाल्याचा घरघराट. तिसऱ्या-चौथ्या घरघरीला माझा पडदा काळा! आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा अख्खी गल्ली एकाच वेळी पंप लावते. मोटार सुरू होताना चालू असतानापेक्षा पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्यापुरता सगळ्या लाईनीचा व्होल्टेज कोसळतो. दिवा जरासा डोळा मारतो, आपल्या लक्षातही येत नाही. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा. चांगल्या एसएमपीएसच्या पोटात अशा वेळेपुरता साठा असतो, सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा का होईना, तो कॉम्प्युटरला तगवतो. आमचा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला. हिशोबाचं हलकं काम असेल तर त्याचा तुटपुंजा साठा पुरायचा. कार्ड पूर्ण जोरात असलं, की संपलं. इतके महिने मी गल्लीच्या टोकाच्या यंत्रमागांवर संशय घेत होतो. ते बिचारे दिवसभर एका चालीत खटखटतात, त्यांचा यात काही हात नव्हता.

आता नवा एसएमपीएस कुठून आणायचा, यावरून घरात सीमाप्रश्न पेटला. बेळगावपासून मुंबई साधारण ५०० किलोमीटर आणि बेंगळुरूही तेवढंच. काकांनी १ नोव्हेंबरचा काळा दिवस कधी चुकवला नाही, त्यांचं म्हणणं माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचाच पाहिजे. धाकटा भाऊ बेंगळुरूत नोकरीला, तो म्हणाला एसपी रोडवर स्वस्त मिळतं, शनिवारी घेऊन येतो. काका १९५६ पासून सुरू झाले, महाजन अहवालावरून सर्वोच्च न्यायालयात आले. २००४ पासून तिथं दावा आहे. गेमचं शेडर, म्हणजे चित्रं रंगवायची तयारी, भरायला वेळ लागतो म्हणून मी कुरकुर करायचो, ती त्या रात्रीपासून बंद केली. शेवटी भाऊ शनिवारच्या बसनं एसएमपीएस घेऊन आला, आणि खोक्यावर कन्नड नाही, इंग्रजी आहे, हे बघून काकांनी तो घरात घेऊ दिला.

बसवला. पुढचं पाणी आलं, मोटारी घरघरल्या, दिव्यानं डोळा मारला. गेम ढिम्म हलला नाही. मी अर्धी रात्र खेळलो.

सकाळी आई रिकाम्या टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी. अक्का माहेरी गेलेल्या, हाक देणारं कुणी नव्हतं. "काल पाणी आलं होतं म्हणे. तुझा कॉम्प्युटर का नाही बंद पडला?"

"तुला माहीत होतं?"

"मग! तो बंद पडला की मी मोटार लावायला जाते. वर्ष झालं की."

जुना डबा माळ्यावर आहे. पाण्याच्या दिवशी तेवढा तो लावत जा, असा तिचा आग्रह आहे.