‘पॅन्ट आखूड शिवली’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. कपडे बुधवारी देतो म्हणालो आणि शुक्रवारी रात्री दिले, याबद्दल मनापासून माफी मागतो. ओव्हरलॉक मशीन बंद पडलं होतं, पण तसं फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. चूक आमचीच.

आता पॅन्टबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘पॅन्ट आखूड शिवली, रविवारी फेशच्या (आयरिश नाचाच्या स्पर्धेच्या) स्टेजवर मुलाचे मोजे दिसत होते, या माणसाला आयरिश डान्समधलं काही कळत नाही.’ ताई, उशिराबद्दल तुम्ही दहा वेळा बोला, ऐकून घेईन. पण ‘आखूड’ हा शब्द शिंप्याला फार लागतो. माझ्या वडिलांनी इचलकरंजीत तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, आणि मी इथे डब्लिनमध्ये नऊ वर्षं मुलांचे डान्सचे कपडे शिवतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्टमध्ये तुम्ही मापाला आलात तेव्हा मुलाच्या पायात क्रॉक्स होते. मी विचारलं, डान्सचे बूट आणलेत का? तुम्ही म्हणालात, अजून घ्यायचेत. मुलींचे मऊ बूट बिनटाचेचे, लेसवाले असतात. मुलांच्या रील या हलक्या नाचाच्या बुटाला कडक टाच असते, कारण त्यांना हवेत टाचेवर टाच आपटून आवाज काढायचा असतो. शिवाय हॉर्नपाइप या पाय आपटायच्या नाचाला जाड, पुढे फायबरग्लासचं टोक असलेले वेगळे बूट. पॅन्ट मात्र एकच, ती दोन्ही बुटांवर बसली पाहिजे. पुढून बुटावर जेमतेम टेकावी, मागून टाचेच्या वरच्या कडेशी थांबावी. लांब झाली तर टाच झाकली जाते आणि परीक्षकांना पाय दिसत नाहीत. या नाचात हात अंगाला चिकटून, वरचं अंग ताठ. जे काही बघायचं ते पायातच. म्हणजे अर्धा इंचसुद्धा मोजून ठेवावा लागतो, आणि तो बुटाशिवाय मोजता येत नाही. मी अनवाणी माप घेतलं, टाचेचे म्हणून अंदाजाने पाऊण इंच वाढवले आणि तुम्हाला सांगितलं की बूट आले की ट्रायलला या. त्यानंतर ‘झालं का?’ असे चार मेसेज आले, मुलगा काही आला नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर. दहा वर्षांचा मुलगा. तो वाढणार नाही का?

आणि शुक्रवारची रात्र. साडेआठला तुम्ही आलात, दुकान सातला बंद होतं, तुमच्यासाठी उघडं ठेवलं होतं. मी म्हटलं, दोन मिनिटं घालून बघू दे. तुम्ही म्हणालात, ‘गाडीत झोपलाय, नको उठवायला.’ आई म्हणून बरोबरच आहे, मीही बाप आहे. पण शनिवारी दुकान दिवसभर उघडं होतं. खालची दुमड उसवून पॅन्ट लांब करायला वीस मिनिटं लागतात.

रिव्ह्यूबरोबर फोटो टाकलाय म्हणून बोलतो, नाहीतर बोललो नसतो. त्यात मुलाने पांढरे मोजे घातलेत. काळी पॅन्ट, काळे बूट आणि मध्ये पांढरी पट्टी! नाचताना उडी मारली, पाय वर गेला की कुणाचीही पॅन्ट चढतेच, म्हणूनच मोजे काळे घालायचे असतात. तुमच्या शिक्षिकाबाईंनी दिलेल्या चिठ्ठीत ते लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये अजून आहे. काळी पॅन्ट, काळे मोजे, पांढरा शर्ट, क्लासच्या रंगाचा टाय, साधं जाकीट.

किल्टचंही (पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याचंही) लिहिलंय तुम्ही, की मी ‘परंपरा मोडून’ पॅन्ट गळ्यात मारली. जुन्या फोटोत मुलं किल्ट घालून, खांद्यावरून ब्रॅट, म्हणजे शेल्यासारखं कापड, सोडून, त्याला ब्रोच लावून नाचताना दिसतात हे खरं. पण ती फार पुरातन गोष्ट नाही. १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना निघाली, आपली भाषा, आपला पोशाख अशी चळवळ वाढली, त्या वातावरणात किल्ट या नाचात रुजला. पुढे १९९४ च्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत इथेच डब्लिनला मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ हा आयरिश नाच झाला, त्यातला मुख्य नर्तक मायकल फ्लॅटली पॅन्टमध्ये नाचला, आणि हळूहळू पोरांनी किल्ट सोडले. आज तुमचा मुलगा एकटाच किल्टमध्ये उभा राहिला असता तर वर्गातल्या पोरांनी काय म्हटलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. हे सगळं मला इथल्या आयरिश आज्यांनी शिकवलं, त्या नातवांचे कपडे माझ्याकडेच टाकतात. मराठी माणसाने मात्र ‘काही कळत नाही’ म्हटलं, याचं वाईट वाटलं.

किमतीचं थोडक्यात. जाकीट आणि पॅन्ट मिळून १९० युरो तुम्हाला जास्त वाटले. पॅन्टचं कापड ताणणारं आहे, आसनाला वेगळा तुकडा जोडलाय, नाहीतर पहिल्याच किकला शिवण उसवते. जाकिटाला अस्तर, हाताने केलेली काजं. टायचे पैसे घेतलेच नाहीत, ते तुम्ही लिहायचं विसरलात.

आमच्याकडूनही सुधारणा करतोय. तारखा जरा सांभाळून देऊ, ट्रायलचंही काहीतरी पक्कं करू, मंडळी म्हणते बोर्ड लावा. बघू.

एक विनंती. तो रिव्ह्यू ठेवा, पण ‘आखूड’च्या पुढे ‘ट्रायल न करता’ एवढं जोडा. डब्लिनजवळच्या लूकनमधली निम्मी मराठी घरं हे वाचतात आणि नोव्हेंबरच्या स्पर्धांच्या ऑर्डरी आत्ताच येतात.

पॅन्टला आत दोन इंच माया (जास्तीचं कापड) सोडलेली आहे, मुद्दाम. मुलाला आणि दोन्ही जोड बूट घेऊन या, पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.